मागितल्यासारखं न दिसता
‘देशांचं देणंघेणं’ : लेखांक ७

गेल्या आठवड्यात पीएल-४८०चा हिशेब पाहिला. अमेरिका गहू द्यायची, किंमत रुपयांत घ्यायची आणि ते रुपये भारतातच तिच्या खात्यावर साठत राहायचे. डॉलर मोजावे लागत नव्हते, म्हणून सौदा परवडणारा वाटे. त्याच गव्हासाठी झालेली एक भेट आज पाहू.

मार्च १९६६ अखेर इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा त्यांना पंतप्रधान होऊन दोनच महिने झाले होते. पावसानं दगा दिल्यामुळे देशाचं धान्योत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटींवर आलं होतं. सप्टेंबर १९६५च्या युद्धानंतर अमेरिकेनं आर्थिक मदत रोखून धरली होती. चौथी पंचवार्षिक योजना कागदावरच अडली होती. धान्य हवं होतं, परकीय चलनही हवं होतं. मात्र दोन्ही मागायला आल्यासारखं दिसायचं नव्हतं. पत्रकार इंदर मल्होत्रा यांना त्यांनी हे स्पष्टच सांगितलं होतं, अर्थात छापू नका या अटीवर.

आपल्याकडे लग्नाच्या याद्या आधी होतात, मांडवात उरतो तो मानपान. दोन राष्ट्रप्रमुखांच्या भेटीचंही बरंचसं तसंच असतं. या भेटीची पहिली यादी नोव्हेंबर १९६५मध्ये रोमला झाली होती. अन्न व कृषी संघटनेच्या परिषदेच्या निमित्तानं आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन तिथे भेटले. शेतीवरचा सरकारी खर्च वाढवायचा, खत आणि सुधारित बियाणं यांवर भर द्यायचा, असं भारतानं तिथे गुपचूप मान्य केलं. गुपचूप अशासाठी की परक्यांच्या अटी मान्य केल्या असं लोकसभेत कळलं असतं तर गदारोळ झाला असता. खरं तर यातलं बरंचसं सुब्रमण्यम यांना स्वतःलाच हवं होतं. मंत्रिमंडळात जे गळी उतरत नव्हतं, त्याला बाहेरच्या दडपणाचा आधार मिळाला. मदतीच्या अटींबद्दल बोलताना ही बाजू आपण सहसा विसरतो.

दुसरी यादी जागतिक बँकेची. बर्नार्ड बेल यांच्या पथकानं भारताची अर्थव्यवस्था तपासून रुपयाचं अवमूल्यन करा, आयातीवरचे निर्बंध सैल करा, असं सुचवलं होतं. मोबदल्यात कोणत्याही विशिष्ट प्रकल्पाशी न बांधलेली मदत मिळणार होती, वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलर.

त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत घासाघीस अशी झाली नाही. राजदूत बी. के. नेहरू यांच्या घरच्या स्वागतसमारंभाला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आले आणि शिष्टाचार बाजूला ठेवून जेवायलाही थांबले. हे ठरलेलं नव्हतं, तेव्हा ऐनवेळी टेबलावरची मांडणी बदलताना यजमानांची काय धांदल उडाली असेल! ३० मार्चला जॉन्सननी अमेरिकन काँग्रेसला खास संदेश पाठवून भारतासाठी आणखी ३५ लाख टन धान्याची शिफारस केली. साठलेल्या रुपयांतून ३० कोटी डॉलरइतक्या रकमेचं एक भारत-अमेरिका प्रतिष्ठान काढायचंही जाहीर झालं. ते शिक्षणासाठी होतं. आपल्या विद्यापीठांत परक्यांचा शिरकाव होईल म्हणून इकडे ओरड झाली आणि प्रतिष्ठान बारगळलं.

याच रुपयांतून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकंही विकत घेतली जात. १९६२पासून ही खरेदी चालू होती आणि तीत मराठी पुस्तकंही असत. अमेरिकेतल्या विद्यापीठात जुन्या मराठी कादंबऱ्यांचं आख्खं कपाट पाहून आपल्याकडचे लोक हरखतात. ते कपाट बऱ्याच अंशी गव्हाच्या पैशांतून भरलं आहे.

मांडव उतरल्यावर खरी वसुली सुरू झाली. ६ जून १९६६ला डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० झाला. काँग्रेसाध्यक्ष कामराज यांचा याला विरोध होता आणि पक्षाच्या कार्यकारिणीनंही नापसंती दाखवली. निवडणूक वर्षभरावरही नव्हती. अवमूल्यन निर्यातीला फळायचं, तर बाहेर विकायला देशात माल पिकलेला असावा लागतो. त्या वर्षीही पाऊस रुसला. ९० कोटींचा शब्द पहिल्या वर्षापुरता पाळला गेला, पुढच्या वर्षांत मदत आटली. माझ्या मते अवमूल्यनाचा निर्णय चुकीचा नव्हता, त्याची वेळ चुकली आणि किंमत आगाऊ मोजली गेली.

जुलैत इंदिराबाई मॉस्कोला गेल्या. तिथल्या संयुक्त निवेदनात व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवण्याची मागणी होती, साम्राज्यवाद्यांवर ठपकाही होता. जॉन्सन बिथरले. पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांटही हेच म्हणतात, असं भारताच्या वतीनं सांगण्यात आलं, तेव्हा त्या दोघांना आमचा गहू लागत नाही, असं उत्तर आलं म्हणे.

किस्सा खरा असो वा नसो, गव्हाची दोरी जॉन्सन यांच्याच हाती होती. अनेक वर्षांच्या कराराऐवजी एका वेळी थोड्याच काळाचा पुरवठा मंजूर करायचा, हे धोरण त्यांचं. भारतात पाऊस कुठे पडला, कुठे नाही, यावर त्यांची बारीक नजर असे. सही लांबली की इकडे दिल्लीत अन्नखात्याची झोप उडे, कारण बंदरात उतरलेलं धान्य कोठारात मुरायला वेळच नव्हता. ते थेट रेशनच्या दुकानात जाई. त्या रांगांत उभं राहून आणलेली लाल मिलो ज्वारी आठवते असे वाचक आजही भेटतात आणि तिच्या भाकरीबद्दल कुणी चांगलं बोलत नाही.

सुब्रमण्यम यांनी मात्र त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं मागवलं होतं. पंजाबच्या शेतांत ते रुजलं त्याची हकिकत पुढच्या लेखांकात. साठलेल्या रुपयांचं काय झालं, तेवढं इथेच सांगून टाकतो. फेब्रुवारी १९७४मध्ये राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला आणि त्या खात्यातला मोठा भाग सोडून दिला. तोवर लिहिला गेलेला जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली.