वाड्याच्या भिंती व पोथ्यांचें आरोग्य

हस्तलिखितांच्या संग्रहाविषयीं बोलतांना वाळवी, कसर व उंदीर यांचा विचार आपण सर्वच करतों. परंतु ज्या भिंतीला टेकून पोथ्यांचें कपाट उभें असतें, त्या भिंतीचा विचार क्वचितच होतो. तो करणें आम्हांस भाग पडलें, त्याचें कारण प्रथम सांगतों.

सातारा जिल्ह्यांतील एका परिचित गृहस्थांच्या वाड्यांत सुमारें दोनशें पोथ्या व कांहीं मोडी कागद होते. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात रुंद, वर चुन्याचा गिलावा. तो जागोजाग सुटला, म्हणून मालकांनीं चांगल्याच हेतूनें आंतबाहेर सिमेंटचा गिलावा करून घेतला व आंतून तेलरंग दिला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आम्ही तेथें गेलों, तेव्हां भिंतीवर बोट वाजवितां पोकळ आवाज येत होता, तळाशीं लोणा फुटला होता आणि भिंतीकडच्या रुमालांना बुरशी धरली होती. एका रुमालांत वाड्याच्या जुन्या डागडुजीच्या हिशेबाचा ताव होता. चुना, विटांचा भुगा, गूळ व ताग एवढीं नांवें कशींबशीं वाचतां आलीं; वजनें ज्या बाजूस लिहिलेलीं होतीं ती बाजू कुजून गेली होती. भिंत कशी दुरुस्त करावी हें सांगणारा कागद चुकीच्या दुरुस्तीनें नष्ट झाला.

जुन्या बांधकामाची गोष्ट निघाली कीं ‘वज्रलेप’ हा शब्द हटकून पुढें येतो, आणि तो चुन्याचाच एक प्रकार असावा असें पुष्कळांस वाटतें. ग्रंथ पाहतां हें मत टिकत नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (इ. स. चें सहावें शतक) वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णी व कवठ यांचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, धामणीची साल व वेखंड हीं एक द्रोण पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावा, त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ इत्यादि द्रव्यें घालावीं व तो लेप ऊन असतांनाच लावावा, असा तेथील विधि आहे. त्यांत चुन्याचें नांव नाहीं. त्याच अध्यायांत शिसें आठ भाग, कांसें दोन भाग व पितळ एक भाग यांचा ‘वज्रसंघात’ नामक धातुयोगही दिला आहे. उलट बाराव्या शतकांतील चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत वज्रलेप म्हणजे म्हशीचें कातडें शिजवून केलेला सरस होय. तेव्हां हा शब्द कोठेंही आढळला तरी काल व संदर्भ पाहिल्यावांचून त्याचा अर्थ करूं नये. चुन्यास संस्कृतांत ‘सुधा’ म्हणतात, आणि सुधेनें धवल केलेलें घर तें ‘सौध’. आपल्या वाड्यांचा संबंध या सुधेशीं आहे, वज्रलेपाशीं नव्हे.

चुन्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. चुनखडी सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजली असतां तिच्यांतील कर्बाम्ल वायु निघून जातो. शुद्ध चुनखडीच्या १०० भागांचा ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलें कीं तो तापून फुटतो व विरतो. विरलेला चुना घाणींत, म्हणजे वर्तुळाकार चरांत बैलांनीं फिरविलेल्या दगडी चाकाखालीं, वाळूसह मळीत. अशा घाणी अनेक किल्ल्यांवर अद्याप पाहावयास मिळतात. भिंतीवर चढल्यानंतर हा चुना हवेंतील तोच वायु हळूहळू परत घेतो आणि पुनः चुनखडी बनतो. विटांचा भुगा, म्हणजे सुरकी, मिसळल्यास त्यांतील सिकतांशाशीं चुन्याचा संयोग होऊन तो ओलींतही घट्ट धरतो. ताग गिलाव्यास चिरा पडूं देत नाहीं. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे अंश असल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविण्यांत आलें आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यांत ते आढळले नाहींत, व तेथें किडीचा उपद्रवही अधिक झालेला आहे.

हें साहित्य दुरून आणावें लागत नसे. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला. त्यासाठीं सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीकडून आला. पुण्यापासून थोड्याशा मजलांच्या आंत मिळणाऱ्या वस्तूंनीं पेशव्यांचें निवासस्थान उभें राहिलें. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत लांकडी मजले गेले. दगडी जोतें व तट आजही उभे आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मातीची भिंत जमिनींतील ओल वर ओढून घेते. तिच्यावरील चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळें ती ओल वाफेच्या रूपानें बाहेर जाते. सिमेंटचा गिलावा त्या मानानें फार घट्ट. त्यावर तेलरंग दिला म्हणजे उरलेली वाटही बुजते. मग कोंडलेली ओल अधिक उंच चढते, तिच्याबरोबरचे क्षार गिलाव्यामागें सांचून त्यास उचलतात, माती भुसभुशीत होते, आणि जेथें चीर सांपडेल तेथून दमटपणा खोलींत येतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली कीं कागदावर बुरशी वाढूं लागते. आमच्या स्नेह्यांच्या वाड्यांत हेंच घडलें.

यांत सिमेंटचा दोष नाहीं. दोष आहे तो योजनेचा. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें, आणि पोरबंदर येथें त्याचें उत्पादन १९१४ सालीं सुरू झालें. तेव्हां पेशवेकालीन भिंतीवर तें दिसल्यास तो मागाहूनचा थर होय, हें वास्तूचा काल ठरविणाऱ्यांनींही ध्यानांत ठेवावें.

तथापि जुनें तें सर्व निर्दोष, असें आमचें म्हणणें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांतील नदीकांठचीं मातीचीं घरें पाण्यांत विरघळून बसलीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील जड माळवदें कोसळून हजारों माणसें दगावलीं. नैसर्गिक साहित्यालाही त्याच्या मर्यादा आहेत. त्या ओळखूनच तें वापरलें पाहिजे.

ज्यांच्या घरीं मातीच्या भिंती व पोथ्या दोन्ही आहेत, त्यांस आमचें सांगणें थोडें आहे. भिंतीबाहेरची जमीन जोत्याच्या खालींच असूं द्यावी व पागोळ्यांचें पाणी दूर न्यावें. सिमेंटचा थर पोकळ झाला असल्यास तो काढावा, भिंतीस एक उन्हाळा मोकळी हवा द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा पातळ थरांनीं, प्रत्येक थर ओला राखून, करावा. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें. दिवाळीपूर्वीं चुन्याची सफेती करण्याची चाल सोडूं नये. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्यामुळें बुरशीस मारतो. तो जुना होऊन चुनखडी बनला म्हणजे हा गुण उरत नाहीं. म्हणूनच सफेती दर वर्षीं लागते. मात्र त्या वेळीं पोथ्या खोलींतून बाहेर काढाव्यात व खोली पुरती वाळल्यावरच आंत आणाव्यात.

असो. आमच्या स्नेह्यांनीं सिमेंटचा थर काढविला आहे व भिंत वाळत आहे. गवंड्यानें चुन्यांत गूळ व सुरकी किती घालावी असें आम्हांस विचारलें. उत्तर त्या तावांत होतें, आणि नेमका तोच भाग आतां नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या दफ्तरांत डागडुजीचे हिशेब असतील, तर ते क्षुल्लक समजून तळाशीं टाकूं नयेत. त्यांतील द्रव्यें, मापें व मजुरी यांची नक्कल अगोदर करून ठेवावी. सनदा जपणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या भिंतींच्या आश्रयानें त्या सनदा टिकल्या, त्या भिंतींचे कागदही आपणच जपले पाहिजेत.