इंटरनेट रिले चॅट

इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवरून अनेक व्यक्तींना एकाच वेळी लेखी संभाषण करता यावे, यासाठी १९८८ मध्ये विकसित करण्यात आलेली पद्धती. आद्याक्षरांवरून तिला संक्षेपाने ‘आय्‌आर्‌सी’ असे म्हणतात. नावातील ‘रिले’ या शब्दाने एका सर्व्हरने मिळालेला संदेश पुढील सर्व्हरकडे सोपविणे ही क्रिया सूचित होते. मोबाइल फोनवरील समूह-संदेशनाचा प्रसार झाल्यानंतर ही पद्धती लोप पावत आहे काय, असा प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो. त्याचे उत्तर केवळ वापरणाऱ्यांच्या संख्येवरून देता येत नाही. पद्धतीची रचना, तिच्यावरील मालकीचे स्वरूप आणि तिने रूढ केलेले संकेत यांचाही विचार करावा लागतो.

उगम व प्रसार : फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये या पद्धतीची पहिली आज्ञावली तयार केली. विद्यापीठाच्या ‘औलूबॉक्स’ या सार्वजनिक संगणक-सेवेवर संभाषणासाठी वापरात असलेल्या जुन्या आज्ञावलीची जागा तिने घेतली. बिटनेट या जालावर १९८५ पासून प्रचलित असलेल्या ‘रिले’ या संभाषण-सेवेतील काही कल्पना ओइकारिनेन यांनी स्वीकारल्या होत्या. अल्पावधीतच फिनलंडमधील इतर विद्यापीठे व त्यानंतर अमेरिकेतील विद्यापीठे या जालात सामील झाली. १९९१ चे आखाती युद्ध आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएट संघात झालेला सत्तापालटाचा प्रयत्न या दोन्ही प्रसंगी प्रत्यक्ष घटनास्थळावरील वृत्ते या मार्गाने बाहेर पडली. त्यामुळे तोवर विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित असलेल्या या माध्यमाकडे सर्वसाधारण जगाचे लक्ष वेधले गेले.

आरंभी सर्व सर्व्हर मिळून एकच जाल होते. तथापि कोणालाही आपला सर्व्हर विनापरवाना जोडू द्यावा की नाही, या प्रश्नावरून १९९० मध्ये फूट पडून ‘ईएफनेट’ हे जाल वेगळे झाले. पुढे ‘अंडरनेट’ (१९९२), ‘डालनेट’ (१९९४) व यूरोपीय सर्व्हरांचे ‘आय्‌आर्‌सीनेट’ (१९९६) ही स्वतंत्र जाले निर्माण झाली. संदेशांच्या देवाणघेवाणीचे नियम मे १९९३ मध्ये ओइकारिनेन व डॅरेन रीड यांनी ‘आर्‌एफ्‌सी १४५९’ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध केले. हे नियम सर्वांस खुले असल्यामुळे कोणासही त्यांवर आधारित आज्ञावली रचता आली. १९९५ मध्ये खालेद मर्दम-बे यांनी विंडोज प्रणालीसाठी तयार केलेली ‘एमआयआर्‌सी’ ही आज्ञावली त्यांपैकी सर्वाधिक प्रसार पावली.

रचना व कार्य : वापरणाऱ्याच्या संगणकावरील आज्ञावली एका सर्व्हरशी जोडलेली असते. जालातील सर्व्हर परस्परांशी वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे जोडलेले असल्याने कोणत्याही दोन सर्व्हरांमध्ये एकच मार्ग असतो. एका ठिकाणी दिलेला संदेश या मार्गाने संबंधित सर्व सर्व्हरांपर्यंत व तेथून श्रोत्यांपर्यंत क्षणार्धात पोहोचतो. मधली एखादी जोडणी तुटल्यास जालाचे दोन तुकडे होतात आणि एका बाजूस दुसऱ्या बाजूचे सर्व सदस्य एकाएकी निघून गेल्यासारखे दिसतात. या घटनेस ‘नेटस्प्लिट’ असे म्हणतात.

संभाषणाच्या दालनास ‘चॅनेल’ ही संज्ञा असून त्याच्या नावाच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह असते. दालनात शिस्त राखणाऱ्या सदस्यास ‘ऑपरेटर’ म्हणतात. सदस्य टोपणनावाने वावरतो. खरे नाव, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक देण्याचे बंधन नसते. मूळ नियमांनुसार सर्व्हर संभाषणाचा साठा करीत नाही. जो सदस्य त्या क्षणी उपस्थित नसेल, त्याला मागील बोलणे कळत नाही. या दृष्टीने हे माध्यम पत्रापेक्षा चावडीवरील किंवा कट्ट्यावरील बोलण्यास अधिक जवळचे आहे. अनुपस्थितीत झालेले बोलणे टिपून ठेवण्यासाठी सदैव जोडलेल्या राहणाऱ्या साहाय्यक आज्ञावली, तसेच दालनाची राखण करणारे ‘बॉट’ पुढे प्रचारात आले.

भारतातील वापर : भारतात शैक्षणिक संस्थांसाठी ‘अर्नेट’ हे जाल १९८६ मध्ये सुरू झाले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा आरंभिली. स्वस्त दराच्या खात्यांवर त्या काळी केवळ अक्षरे दिसत, चित्रे दिसत नसत. अशा मंदगती जोडणीवरही इंटरनेट रिले चॅट सुरळीत चाले, कारण एका संदेशास काही दशक बाइटच पुरत असत. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना सेवा पुरविण्याची मुभा मिळाल्यानंतर सायबर कॅफे शहरोशहरी निघाले.

नागपूर हे विदर्भातील उच्च शिक्षणाचे प्रमुख केंद्र होय. नागपूर विद्यापीठ (स्थापना १९२३), लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (१९४२) व विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०, २००२ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) यांमुळे येथे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची वस्ती मोठी आहे. घरी संगणक व दूरध्वनी ही दोन्ही साधने असणारी कुटुंबे थोडी असल्याने सीताबर्डी, धरमपेठ यांसारख्या भागांतील सायबर कॅफेंत तासाच्या दराने संगणक वापरणे हाच अनेकांचा इंटरनेटशी पहिला परिचय ठरला. तेथे प्रत्यक्ष आय्‌आर्‌सीपेक्षा याहू, रेडिफ इ. संकेतस्थळांच्या संभाषण-दालनांचा वापर अधिक होई; तथापि टोपणनाव, दालन, दालनाचा नियंत्रक व खाजगीत बोलण्याची सोय ही त्यांची सारी मांडणी आय्‌आर्‌सीशी मिळतीजुळती होती. अनोळखी व्यक्तीस प्रथम वय, लिंग व गाव विचारण्याचा ‘एएसएल’ हा संक्षेपही याच परंपरेतून आला. नागपूर हे मध्य प्रांताच्या व पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर असल्याने तेथील व्यवहारात मराठी व हिंदी या दोन्ही भाषा मिसळून येतात. रोमन लिपीत टंकलेल्या संभाषणात हे मिश्रण अधिकच सहज होत असे.

आय्‌आर्‌सीचा अधिक गंभीर उपयोग मुक्त स्रोत आज्ञावली रचणाऱ्या मंडळींनी केला. पश्चिम बंगालमधील दुर्गापूर येथील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने २००८ पासून आपले उन्हाळी प्रशिक्षणवर्ग आय्‌आर्‌सीवरील दालनातच घेतले. ज्याला प्रश्न विचारावयाचा असेल, त्याने केवळ उद्गारचिन्ह टंकावयाचे व नाव पुकारले जाईपर्यंत थांबावयाचे, अशी हात वर करण्यासारखी पद्धत तेथे पाळली जाई. मंदगती जोडणी असलेल्या लहान गावातील विद्यार्थ्यालाही महानगरातील विद्यार्थ्याच्या बरोबरीने या वर्गात बसता येई, हे या माध्यमाचे मोठेच सामर्थ्य होय.

देवनागरी लिपीची अडचण : मराठी संभाषण या माध्यमात फारसे का रुजले नाही, याचे एक कारण तांत्रिक आहे. आर्‌एफ्‌सी १४५९ नुसार एका संदेशाची कमाल लांबी ५१२ बाइट असून तीत ओळ संपविणारी २ चिन्हे, तसेच सर्व्हरने जोडलेले प्रेषकाचे नाव व दालनाचे नाव यांचाही समावेश होतो. रोमन लिपीतील अक्षरास १ बाइट लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनप्रकारात मात्र देवनागरीतील प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. मात्रा, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. उदा., ‘मराठी’ या तीन अक्षरी शब्दात ५ चिन्हे असल्याने तो १५ बाइट व्यापतो. परिणामी एका ओळीत देवनागरीची सु. १४० ते १५० चिन्हेच मावतात आणि लांब वाक्य नेमके अक्षराच्या मध्यात तुटल्यास त्या ठिकाणी निरर्थक खुणा उमटतात. टोपणनावात तर मूळ नियमांनुसार देवनागरी चालतच नाही. युनिकोडचा सर्वत्र स्वीकार होण्यापूर्वी दोन्ही बाजूंस एकच फाँट असल्याखेरीज मराठी मजकूर वाचताही येत नसे. भ्रमणध्वनीवर देवनागरी टंकणे सुलभ झाले, तोवर संभाषणाचे केंद्र दुसरीकडे सरकले होते.

ऱ्हास व त्याची कारणे : २००३ च्या सुमारास जगातील सर्व जालांवर मिळून एका वेळी सु. १० लाख जोडण्या असत. २०१२ पर्यंत ही संख्या सु. ४ लाखांवर आली. संगणकीय खेळ खेळणाऱ्यांमध्ये प्रिय असलेल्या ‘क्वेकनेट’ या जालाने फेब्रुवारी २००५ मध्ये २,४०,००० हून अधिक जोडण्यांची नोंद केली होती. त्यानंतर त्यालाही उतरती कळा लागली. हे आकडे जोडण्यांचे आहेत, माणसांचे नव्हेत, हे लक्षात घ्यावयास हवे. बॉट व निष्क्रिय जोडण्या त्यांत मोजल्या जातात. त्यामुळे संख्येच्या घटीवरून संभाषण नेमके किती घटले, हे सांगता येत नाही. घटीची दिशा मात्र निःसंदिग्ध आहे.

या घटीची कारणे अनेक आहेत. ऑर्कुट (२००४–२०१४), फेसबुक इ. सामाजिक संकेतस्थळांमुळे अनोळखी व्यक्तींच्या दालनांपेक्षा ओळखीच्या मंडळींचा गोतावळा अधिक आकर्षक ठरला. व्हॉट्सअ‍ॅप (२००९) या सेवेने २०११ मध्ये समूह-संदेशनाची सोय दिली. तेथे अनुपस्थित सदस्यासही संदेश नंतर मिळतो, छायाचित्र धाडता येते आणि कोणतीही आज्ञा पाठ करावी लागत नाही. मोबाइल फोनची जोडणी वारंवार तुटते, तर आय्‌आर्‌सीची रचना अखंड जोडणी गृहीत धरून केलेली आहे. भारतात सप्टेंबर २०१६ पासून मोबाइल इंटरनेट अत्यंत स्वस्त झाल्यानंतर सायबर कॅफेही मागे पडले. त्यांना ओळखपत्र तपासण्याचे व नोंदी ठेवण्याचे बंधन २०११ च्या नियमांनी घातलेले होतेच. कार्यालयीन कामासाठी स्लॅक व खेळाडूंसाठी डिस्कॉर्ड (२०१५) या सेवांनी दालनाची मूळ कल्पना उचलून तिला साठवण व शोध यांची जोड दिली. मोझिला या संस्थेने मार्च २०२० मध्ये आपला आय्‌आर्‌सी सर्व्हर बंद करून ‘मॅट्रिक्स’ या नव्या खुल्या पद्धतीचा स्वीकार केला.

मालकीचा प्रश्न : या पद्धतीचे बलस्थान व तिची दुर्बलता ही दोन्ही २०२१ मधील एका घटनेने स्पष्ट झाली. मुक्त स्रोत प्रकल्पांचे ‘फ्रीनोड’ हे सर्वांत मोठे जाल त्या वर्षी मालकीविषयक वादात सापडले. मे महिन्यात त्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या बहुतेक स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन ‘लिबेरा चॅट’ हे नवे जाल उभारले. त्याचे चालकत्व स्वीडनमधील एका ना-नफा संस्थेकडे आहे. विकिमीडिया, उबुंटू इत्यादींनी अल्पावधीतच आपली दालने तेथे हलविली. सदस्यांना आज्ञावली बदलावी लागली नाही. केवळ सर्व्हरचा पत्ता बदलावा लागला. याउलट याहूने डिसेंबर २०१२ मध्ये आपली सार्वजनिक संभाषण-दालने बंद केली, तेव्हा तेथील मंडळींना एकत्रितपणे दुसरीकडे जाण्याचा मार्ग नव्हता. कारण दालन, सदस्यसूची व आज्ञावली ही सारी एकाच कंपनीच्या हाती होती. खुल्या नियमांवर उभी असलेली पद्धती एखादा सर्व्हर बंद पडला तरी नष्ट होत नाही. खाजगी सेवा मात्र चालकाच्या निर्णयासरशी संपुष्टात येते. आज गावोगावच्या संस्था, शाळा व सोसायट्या यांचा दैनंदिन व्यवहार खाजगी सेवांवरील समूहांतून चालत असल्याने हा भेद केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

सद्यःस्थिती : वापरणाऱ्यांच्या संख्येच्या दृष्टीने इंटरनेट रिले चॅटचा ऱ्हास झाला आहे, यात शंका नाही. सर्वसामान्यांच्या गप्पांचे माध्यम हे तिचे स्थान पुन्हा मिळण्याचा संभवही दिसत नाही. तथापि मुक्त स्रोत आज्ञावलींच्या क्षेत्रात ती अद्याप वापरात आहे. जुन्या संभाषणाची मागणी, सुरक्षित ओळख, संदेशाची वेळ इ. सोयी जोडण्याचे काम ‘आय्‌आर्‌सीव्ही३’ या नावाने चालू आहे. ट्विच या चित्रप्रसारण-सेवेतील संभाषणाशी आय्‌आर्‌सीच्या नियमांनी जोडून घेता येते. समाजमाध्यमांत विषय दर्शविण्यासाठी शब्दामागे ‘#’ चिन्ह लावण्याची सूचना २००७ मध्ये पुढे आली, तीही या पद्धतीतील दालनांच्या नावांवरूनच. दालन, टोपणनाव, नियंत्रक व बॉट या संकल्पना आजच्या बहुतेक समूह-संदेशन सेवांनी जशाच्या तशा आत्मसात केल्या आहेत. त्यामुळे ही पद्धती नामशेष झाली असे न म्हणता, तिचे क्षेत्र आक्रसले व तिचे संकेत मात्र सर्वत्र पसरले, असे म्हणणे अधिक युक्त होईल. तिच्या नियमांमधील खुलेपणा मात्र तितक्या प्रमाणात पुढे गेला नाही, ही या स्थित्यंतरातील खरी हानी होय.