विश्लेषण : बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काय खावे? टाक्यांपेक्षा ताट महत्त्वाचे का?

पोटावर चार-पाच लहान छिद्रे, एक-दोन तासांची शस्त्रक्रिया, दोन-तीन दिवसांत घरी आणि वर्ष-दीड वर्षात सुमारे चौथा हिस्सा वजन कमी. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचे हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तत्कालीन भाजप अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, तर अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती घरोघरी चर्चेत आली. आता नवी मुंबईत वाशी, नेरुळ, बेलापूर परिसरातील मोठ्या खासगी रुग्णालयांतही ती होते. शल्यचिकित्सकाचे काम काही तासांत संपते. रुग्णाचे आणि त्याच्या स्वयंपाकघराचे काम मात्र दोन आठवडे आधी सुरू होते आणि आयुष्यभर चालते. त्यात हयगय झाली तर वजन परत येतेच, शिवाय जिवावरही बेतू शकते.

शरीरात नेमके काय बदलते?

सध्या सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवली जाते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची साधारण ३० मिलीलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जागा कमी झाल्याने माणूस कमी खातो, हा परिणामाचा केवळ एक भाग. स्लीव्हमध्ये भूक चाळवणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यत्वे जेथे तयार होते तो जठराचा भागच निघून जातो. दोन्ही पद्धतींत पोट भरल्याचा संदेश देणारी आणि साखर आटोक्यात ठेवणारी आतड्यातील संप्रेरके वाढतात. त्यामुळेच अनेक मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच खाली येऊ लागते. १५० रुग्णांवरील ‘स्टॅम्पीड’ या अमेरिकी चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली आणण्यात बायपास झालेले २९ टक्के, स्लीव्ह झालेले २३ टक्के आणि केवळ औषधांवर असलेले ५ टक्के रुग्ण यशस्वी ठरले.

शस्त्रक्रिया कोणासाठी? विमा मिळतो का?

वजन किलोत भागिले उंचीचा मीटरमधील वर्ग म्हणजे बीएमआय. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकार गाठत असल्याने येथे निकष पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवले जातात. साधारणपणे बीएमआय ३७.५ च्या पुढे, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडखळणे असे आजार असल्यास ३२.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे वजन अनुक्रमे ९६ आणि ८३ किलो भरते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष आणखी शिथिल करून आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासूनही हा पर्याय देता येईल, असे सुचवले.

विम्याचे गणित मात्र वेगळे आहे. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाणित अटींनुसार रुग्ण किमान १८ वर्षांचा, बीएमआय ४० किंवा अधिक हवा. गंभीर हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा उपचारांना दाद न देणारा मधुमेह असेल आणि कमी त्रासाच्या उपायांनी वजन उतरले नसेल, तर ३५ चालतो. म्हणजे डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रियेस पात्र असलेला रुग्ण विम्याच्या निकषात बसेलच असे नाही. खर्च काही लाखांच्या घरात जातो, हे पाहता दाखल होण्याआधीच पूर्वमंजुरी घेणे शहाणपणाचे.

आधीचे दोन आठवडे पातळ आहार कशासाठी?

स्थूल व्यक्तीच्या यकृतात बहुतेकदा चरबी साठलेली असते. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो मोठा आणि जड असेल तर दुर्बिणीतून काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाला जठरापर्यंत पोहोचणे अवघड जाते. साधारण दोन आठवडे ८०० ते १,००० कॅलरींचा, कमी पिष्टमय आणि भरपूर प्रथिनांचा आहार घेतला की यकृत आकसते. म्हणून या काळात पोळी, भात, पोहे, साखर बंद होऊन प्रथिनांचे पेय, ताक, सूप, गाळलेले वरण सुरू होते. ‘आता पुढे खायला मिळणार नाही’ म्हणून आदल्या आठवड्यात मेजवान्या झोडणे ही त्यामुळेच घातक चूक ठरते.

आहाराचे बळ किती असते हे मुंबईने २०१७ मध्ये पाहिले. सुमारे ५०० किलो वजनाच्या इजिप्तमधील महिलेला सैफी रुग्णालयात आणल्यावर लगेच शस्त्रक्रिया झाली नाही. आधी काही आठवडे पातळ आहार आणि फिजिओथेरपी देण्यात आली. त्यातून शंभर किलोहून अधिक वजन उतरल्याचे रुग्णालयाने सांगितले. त्यात शरीरात साचलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता. ७ मार्च रोजी शस्त्रक्रिया झाली. पुढे अबुधाबीत उपचार सुरू असताना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. फार उशिरा, अनेक अवयव थकल्यावर उपचार सुरू झाले तर घटलेले किलोही पुरेसे ठरत नाहीत, हा त्या घटनेचा दुसरा धडा.

याच टप्प्यात ब १२, ड जीवनसत्त्व आणि लोहाची तपासणी, झोपेची चाचणी, आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञांची भेट होते. धूम्रपान काही आठवडे आधीच सोडावे लागते. पातळ आहारावर साखर झपाट्याने उतरू शकते. त्यामुळे इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घेणे आवश्यक असते.

शस्त्रक्रियेनंतर जेवण कसे सुरू होते?

जठराची शिवण भरून येईपर्यंत घाई चालत नाही. रुग्णालयानुसार वेळापत्रक थोडे बदलते, पण क्रम सारखाच असतो. पहिले एक-दोन दिवस पाणी, शहाळे, गाळलेले सूप. मग सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ : वरणाचे पाणी, ताक, दूध, प्रथिनांचे पेय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले घट्ट वरण, दही, कुस्करलेले पनीर किंवा अंडे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ मुगाची खिचडी, वाफवलेला मासा, शिजवलेल्या भाज्या. त्यानंतर हळूहळू घरचे नेहमीचे जेवण, पण वाटीच्या मापात.

नियम साधे आहेत, पाळायला कठीण. पाणी घटाघट न पिता घोट-घोट प्यायचे आणि तरी दिवसभरात दीड ते दोन लिटर पूर्ण करायचे. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नाही. प्रत्येक घास बारीक चावायचा. पोट भरल्याची जाणीव झाली की शेवटचा घासही ताटात सोडायचा. ‘अन्न वाया घालवू नये’ या संस्काराशी येथे गाठ पडते. त्यावर उपाय एकच, वाढतानाच कमी वाढणे. सोडायुक्त पेये टाळायची. बायपासनंतर श्रीखंड, गुलाबजाम किंवा उसाचा रस घेतल्यास धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब असा ‘डम्पिंग’चा त्रास होऊ शकतो.

मराठी ताटात प्रथिने आणायची कुठून?

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आपल्या ताटात पोळी-भाताचा वाटा मोठा आणि आमटी पातळ. वाटीभर शिजलेल्या वरणात प्रथिने सहा-सात ग्रॅमच असतात, अंड्यात सुमारे सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, तेवढ्याच मासळीत जवळपास २०. म्हणून क्रम उलटा करावा लागतो : आधी प्रथिने, मग भाजी आणि जागा उरली तर भाकरी-भात. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत हे तुलनेने सोपे, फक्त तळलेल्या तुकडीऐवजी कमी तेलाचे कालवण हवे. शाकाहारी घरांत घट्ट मूग-मसूर, चक्का, पनीर, सोयाबीन, सातूचे पीठ यांचा आधार घ्यावा लागतो.

सुरुवातीचे काही महिने प्रथिनांची पावडर बहुतेकांना लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशी पावडर टाळण्याचा सल्ला दिला आहे. तो निरोगी लोकांसाठी आहे. लहान झालेल्या जठराच्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेली पावडर हा उपचाराचा भाग असतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर चालतात : ब १२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे ते परत येतात, पण प्रथिने आणि लोह कमी पडले तर गळती लांबते.

उलट्या होत असतील तर थांबून पाहावे का?

नाही. घाईने खाल्ल्यावर एखादी उलटी होणे वेगळे आणि रोज होणे वेगळे. शरीरातील ब १, म्हणजे थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. सतत उलट्या होत असतील तर तो भरून निघत नाही आणि मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे, गोंधळल्यासारखे बोलणे, हातापायांना मुंग्या ही त्याची लक्षणे. अशा वेळी अशक्तपणा समजून जवळच्या दवाखान्यात थायमिनशिवाय नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले गेले तर स्थिती बिघडू शकते. थायमिन आधी किंवा सोबत द्यावे लागते. म्हणून शस्त्रक्रिया झाल्याची माहिती कोणत्याही डॉक्टरला पहिल्याच वाक्यात द्यायला हवी.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढणारी पोटदुखी, विश्रांतीतही मिनिटाला १२० च्या वर जाणारी नाडी ही शिवणीतून गळतीची चिन्हे असू शकतात. धाप लागणे किंवा पायाला एका बाजूने सूज येणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. यात सकाळपर्यंत वाट पाहण्यास जागा नाही. बायपासनंतर दुखण्यावरच्या अनेक साध्या गोळ्यांनी अल्सर होतो, त्यामुळे दुकानातून परस्पर गोळी घेणेही टाळावे. मद्य पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. महिलांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा पुढे ढकलावी, असा सल्ला दिला जातो.

वजन किती उतरते, परत वाढते का?

बहुतेक घट पहिल्या १२ ते १८ महिन्यांत होते. मध्येच काही आठवडे काटा हलत नाही, ते स्वाभाविक असते. दीर्घकालीन आकडे स्वीडनमधील मोठ्या अभ्यासातून मिळतात. त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाणही सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे थोडे वजन परत येणे अपयश नव्हे. खूप परत येते ते बहुधा सहज उतरणाऱ्या पदार्थांमुळे : चहात बुडवलेली बिस्किटे, आइस्क्रीम, शीतपेये, टीव्हीसमोरचे फरसाण. लहान जठर अशा पदार्थांना अडवत नाही.

इंजेक्शने आल्यावर शस्त्रक्रियेची गरज उरते का?

मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाली. अनेकांसाठी तो चांगला पर्याय आहे. मात्र वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले. खूप जास्त बीएमआय आणि मधुमेह असलेल्यांसाठी शस्त्रक्रियेचे स्थान कायम आहे. ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, म्हणून ती सुरू असल्यास भूलतज्ज्ञाला आधी सांगणे अत्यावश्यक असते.

घरच्यांनी काय करावे?

ऐरोली-महापेच्या कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्याने जेवणाच्या वेळा घड्याळाऐवजी आपल्या जागण्यानुसार आखून घ्याव्यात. लोकलच्या प्रवासात पाण्याची बाटली हातात हवी, पिशवीच्या तळाशी नको. पहिले वर्ष एकादशी, नवरात्र किंवा रोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, आणि उपवासात पाणी व गोळ्याही चुकतात. परवानगी मिळाली की खारघरचे सेंट्रल पार्क किंवा पाम बीच रस्त्यालगतचा नेरुळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई परिसर चालायला पुरेसा आहे. पुढे स्नायूंचे व्यायामही जोडावे लागतात.

घरात दोन स्वयंपाक करण्यापेक्षा सर्वांसाठीच घट्ट वरण आणि कमी तेलाची भाजी करणे सोपे पडते. ‘एक घास तरी घे’ हा आग्रह थांबवणे ही घरच्यांची सर्वात मोठी मदत. वजन उतरले की तपासण्या बंद करण्याचा मोह होतो. पण ब १२ आणि लोहाची कमतरता काही वर्षांनीही डोके वर काढते. त्यामुळे पहिल्या वर्षी ठरलेल्या सर्व भेटी आणि नंतर दरवर्षी एकदा रक्ततपासणी, हे वेळापत्रक वजनाच्या काट्याइतकेच नेमाने पाळावे लागते.