अजिंठ्याचे रंग झाडपाल्याचे नाहीत

‘हे सगळे झाडपाल्याचे रंग आहेत बरं का, पंधराशे वर्षं झाली तरी जसेच्या तसे!’ अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पाच मिनिटं उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. गाईड सांगतो, सहलीबरोबर आलेले सर मान डोलावतात, पोरं वहीत उतरवून घेतात आणि दिवाळी अंकातल्या प्रवासवर्णनातही तेच छापून येतं. या एका वाक्यात दोन चुका आहेत. रंग झाडपाल्याचे नाहीत आणि ते जसेच्या तसेही नाहीत.

लेणी कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी खानदेशी माणूस ती आपलीच मानतो. त्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगावकर पितात. अभ्यासकांचाही या आपलेपणाला दुजोरा आहे. सतराव्या लेण्याच्या शिलालेखात ज्या मांडलिक घराण्याची वंशावळ आहे, त्याचा ऋषिक देश म्हणजे आजचा खानदेश, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. तेव्हा निदान आपण तरी या लेण्यांबद्दल ऐकीव गोष्टी सांगू नयेत.

आता रंगांकडे वळू. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनशास्त्रज्ञ एस. परमशिवन यांनी 1930च्या दशकात अजिंठ्याचा गिलावा आणि रंग प्रयोगशाळेत तपासले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनीही तपासण्या केल्या. लाल आणि पिवळा रंग म्हणजे लोहयुक्त माती, आपल्या घरातला गेरू आणि त्याचा पिवळा भाऊ. पांढरा चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा. हिरवा हिरव्या मातीचा. काळा काजळीचा. काजळी दिव्याच्या तेलाची, म्हणून तिला कोणी हट्टाने वनस्पतिजन्य म्हणणार असेल तर म्हणो बापडा. बाकी सगळा कारभार दगडमातीचा आहे.

हिरव्या मातीसाठी तर लांब जायलाही नको. फर्दापूरच्या टी पॉइंटवर गारगोट्या विकणारी मंडळी मागे लागतात, त्यांच्याकडचा फोडलेला दगड एकदा हातात घेऊन नीट पाहा. आतले स्फटिक सगळेच बघतात. स्फटिक आणि काळा खडक यांच्या मधोमध पुष्कळदा एक पातळ, मळकट हिरवा पापुद्रा असतो, तो पाहा. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये तयार होणारं सेलाडोनाइट हे खनिज असंच दिसतं. ते दळलं की हिरवा रंग तयार.

पानाफुलांचा रस इतकी शतकं टिकत नाही, हे खरं तर सांगायलाच नको. सदऱ्यावरचा हळदीचा डाग दोन दिवस उन्हात ठेवला की उडतो, हे कोणत्याही घरात माहीत असतं. त्या काळच्या लोकांना वनस्पतींचे रंग ठाऊक नव्हते, असं मात्र नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात रंगद्रव्यांमध्ये नीळही येते. पण ग्रंथात काय आहे आणि भिंतीवर काय सापडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग हा झाडपाला आला कुठून? तो आहे, पण रंगाच्या खाली. खडकावर आधी मातीचा गिलावा चढवला, त्यात भाताचं तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळले. त्यावर पांढरा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. म्हणजे खरोखर जी वस्तू वनस्पतीची होती ती गिलाव्यात गेली आणि तिलाच कीड लागली. 2016 साली ‘करंट सायन्स’मध्ये वेरूळच्या गिलाव्यावर एक शोधनिबंध आला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत आणि तिथे कीड फारशी लागलेली नाही. अजिंठ्यात भांग नाही, आणि तिथली किमान चतुर्थांश चित्रं किडीने बिघडवली आहेत, असं त्यात म्हटलं आहे. ज्या झाडपाल्याचं आपण कौतुक करतो त्यानेच चित्रांचा घात केला.

राहिला निळा. मला सगळ्यात राग येतो तो याच रंगाला झाडाची नीळ म्हणून उडवून लावलं जातं तेव्हा. तो लाजवर्दाचा आहे. हा दगड त्या काळी मिळायचा अफगाणिस्तानच्या बदख्शानमध्ये, कोक्चा नदीच्या खोऱ्यातल्या खाणींत. नुसता कुटला तर राखाडी भुकटी हाती येते, त्यातून निळे कण वेगळे काढावे लागतात. म्हणजे दगड महाग, वाहतूक महाग आणि कारागिरी त्याहून महाग. सातवाहनकाळच्या नवव्या-दहाव्या लेण्यातल्या जुन्या चित्रांत हा निळा नाही, पाचव्या शतकातल्या चित्रांत आहे.

हा काळ कोणता, ते पाहा. अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार लेण्यांच्या सातवाहनांनंतरच्या, दुसऱ्या टप्प्याचं बहुतेक काम वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या वाकाटक हरिषेणाच्या कारकिर्दीत, साधारण 462 ते 480 या अवघ्या अठरा वर्षांत झालं. सगळे अभ्यासक इतका आखूड काळ मानत नाहीत, पण पाचव्या शतकाचा उत्तरार्ध बहुतेकांना मान्य आहे. पश्चिम रोमचा सम्राट 476 साली पदच्युत झाला. रोमशी चालणारा व्यापार आटला आणि दख्खन आपल्या गावकुसात मिटून गेलं, असं आपण पाठ्यपुस्तकी थाटात सांगतो. मग हिंदुकुशातला दगड वाघूरच्या काठावर कसा आला? उज्जैनकडून दख्खनमध्ये येणारी जुनी वाट तापी ओलांडून याच डोंगररांगेवर चढते. दुसऱ्या लेण्यात शिडांचं जहाज रंगवलं आहे, त्यात माल भरलेले रांजण दिसतात. पहिल्याच्या छतावर टोप्या घातलेले परदेशी पेले घेऊन बसले आहेत. चित्रकारांना व्यापार माहीत होता आणि दात्यांच्या गाठीला पैसाही होता.

बाकीचे समज झटपट उरकतो. ही भित्तिचित्रं फ्रेस्को नाहीत. फ्रेस्को ओल्या चुन्यावर होतो, ही वाळलेल्या पृष्ठावर आहेत. लेणी भिक्खूंनी कोरली नाहीत. काही भिक्खूंनी दान दिलं, जसं सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्राने. सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं. कोरणारे हात पाथरवटांचे. टोपीवाले परदेशी म्हणजे दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातली इराणी वकिलात, हा जेम्स फर्ग्युसनचा 1879 सालचा तर्क. पुलकेशी सातव्या शतकातला, चित्र पाचव्यातलं. जॉन स्मिथने 1819 साली लेणी ‘शोधली’ म्हणजे इंग्रजांना ती तेव्हा कळली, एवढंच.

आणि ‘जसेच्या तसे’? निजाम सरकारने 1920च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं. ते पुढे पिवळं पडलं आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली. आज आपण पाहतो ते कीड, ओल, धूर, रोगण आणि साफसफाई या सगळ्यांतून उरलेले रंग आहेत.

पुढच्या वेळी कोणी झाडपाला म्हणालं तर वाद घालू नका. कोणत्या झाडाचा पाला, एवढंच विचारा.