बार्शी लाइट रेल्वेचा अभियंता : नोकर की संस्थापक?

लातूरला प्रथम रेल्वे आणणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेविषयी लिहिताना ‘इंग्रजांनी रेल्वे आणली’ असे सरसकट म्हटले जाते. तिचा अभियंता नेमका कोणाच्या सेवेत होता, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत लोकोमोटिव्ह निरीक्षक म्हणून रुजू झाले. पगारदार अधिकाऱ्याला कंपनीबाहेरील अरुंदमापी रेल्वेची योजना आखणे सोपे नव्हते. त्यांनी 1889 मध्ये राजीनामा दिला. 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन करून ते स्वतःच तिचे सल्लागार अभियंता झाले. नेमणारा आणि नेमला जाणारा जवळजवळ एकच! त्यामुळे अडीच फुटी रूळमार्ग आणि प्रत्येक आसावर पाच टनांचा मर्यादित भार, हे त्यांचे सूत्र कंपनीचेच धोरण बनले.

समकालीन चीनमध्ये चित्र वेगळे दिसते. तेथे क्लॉड किंडर हे शाही उत्तर चीन रेल्वेचे मुख्य अभियंता होते. 1898 च्या ब्रिटिश कर्जकरारात, कर्ज फिटेपर्यंत हे पद ब्रिटिश व्यक्तीकडेच राहील, अशी अट होती. नोकरी चिनी शासनाची, पदाची हमी मात्र सावकाराची.

बार्शीची गाडी 1911 मध्ये लातूरला पोहोचली. लातूर व औसा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कंपनी मात्र उत्तरदायी होती ती आपल्या भागधारकांना. 1954 मध्ये भारत सरकारने ती विकत घेतली.