शेळीची लस गाईला

आष्टी म्हटलं की आधी बीडची आठवते. ही आष्टी जालन्याची, परतूर तालुक्यातली; गोष्ट मात्र साऱ्या महाराष्ट्राची. २०२२ साली गाईबैलांच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत राज्यात जनावरांचे बाजार बंद झाले, काही ठिकाणी पोळाही सुनासुना गेला. गाठी उठलेल्या कातडीतला लम्पीचा विषाणू डास, गोचीड, चावऱ्या माश्या यांच्यामार्फत गोठ्यागोठ्यांत फिरतो आणि वाळलेल्या खपलीत महिनाभरही तग धरतो. म्हणून नुसत्या फवारणीवर भागत नाही, आजारी जनावर वेगळं बांधावंच लागतं.

तेव्हा गाईबैलांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस! गावोगाव शंका निघाली, आणि ती रास्तच होती. पण दोन्ही विषाणू एकाच कुळातले, चुलतभाऊच म्हणा. एकाची ओळख पटलेलं शरीर दुसऱ्यालाही अडवतं. १७९६ मध्ये इंग्रज डॉक्टर जेन्नरनं गाईच्या देवीतून माणसाच्या देवीवर उतारा काढला, तो याच न्यायानं.

खुद्द लम्पीच्या विषाणूला निर्बल करून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेसोबत २०२२ मध्येच ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लस तयार केली. घोड्यांच्या संस्थेनं गाईची लस काढावी, हेही गमतीचंच. हिसार, इज्जतनगर दूर; आष्टीकरांना पशुवैद्यक महाविद्यालय मात्र शेजारच्या परभणीतच आहे.