‘कॅसेट बीस्ट्स’ हा गेम तुम्हाला आवडेल का? घेण्याआधी हे वाचा

‘पोकेमॉनसारखा दुसरा गेम सुचवा’ असं कुणी विचारलं की उत्तरांत ‘कॅसेट बीस्ट्स’चं नाव बऱ्याचदा येतं. इंग्लंडमधल्या बिटन स्टुडिओ या छोट्या टीमचा हा गेम २०२३ मध्ये आला. मॉन्स्टर जमवायचे आणि त्यांच्या जोरावर लढायचं, इथपर्यंत दोन्ही सारखे. पण पोकेमॉन समजून घेतलात, तर हिरमोड होऊ शकतो. त्यामुळे आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. मॉन्स्टर पाळायचाय की व्हायचंय?
या गेममध्ये तुम्ही न्यू विरल नावाच्या बेटावर येऊन अडकता. इथे मॉन्स्टर पकडत नाहीत, कॅसेटवर रेकॉर्ड करतात. लढाईत ती कॅसेट लावली की तुम्ही स्वतःच तो मॉन्स्टर होता. म्हणजे पिकाचूसारखा लाडका सवंगडी इथे मिळत नाही. जीव लागतो तो केली, यूजीन अशा सोबत्यांवर. प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे आणि मैत्री वाढते तशी लढाईतली साथही भक्कम होते.

२. लढताना विचार करायला आवडतं?
लढाया बहुतेक दोन विरुद्ध दोन असतात. कोणता प्रकार कोणावर भारी, एवढं पाठ करून भागत नाही. प्लास्टिकच्या मॉन्स्टरवर आगीचा मारा केला, तर तो जळून विषारी होतो. बर्फाचा असेल, तर वितळून पाण्याचा होतो. हल्ले म्हणजे स्टिकर. एका कॅसेटवरून काढून ते दुसरीवर लावता येतात. शिवाय कोणतेही दोन मॉन्स्टर लढाईत एकत्र येऊन तिसराच तयार होतो. मॉन्स्टर १२० हून जास्त, त्यामुळे अशा जोड्या १४ हजारांच्या वर जातात.
हे वाचूनच डोकं गरगरलं असेल, तर सेटिंगमध्ये लढाया सोप्या करता येतात. पण एकच बटण दाबत पुढे जायचं असेल, तर हा गेम कंटाळवाणा वाटेल.

३. वाचायची तयारी आहे?
संवाद भरपूर आहेत आणि मराठी किंवा हिंदीचा पर्याय नाही. लहान मुलांसाठी घेताना हे लक्षात ठेवा. सोबत्याची भूमिका शेजारी बसलेला दुसरा खेळाडू घेऊ शकतो, त्यामुळे ताई-दादा बरोबर असतील तर अडचण कमी होते.

मग घ्यायचा का?
कथा, डावपेच आणि उलटसुलट प्रयोग आवडत असतील, तर नक्की घ्या. एकाच मॉन्स्टरला लहानाचं मोठं करण्यात तुमची खरी मजा असेल, तर पैसे जपून ठेवा.
तरीही ठरत नसेल, तर स्टीमवरून घ्या. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर तिथे पैसे परत मागता येतात. कॅसेट, लढाई आणि सोबती यांची ओळख सुरुवातीलाच होते. तेवढ्यात रंगलात तर पुढे खेळा, नाहीतर वेळेत परत करा.